सलग चोवीस एक: मूळ की संयुक्त, आणि तिचे अवयव कागदावर कसे काढायचे

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला प्रश्न असा. आठवीच्या वर्गात मूळ आणि संयुक्त संख्या शिकवताना पोरांनी फळ्यावर ओळीनं चोवीस वेळा १ लिहिला आणि विचारलं, "सर, हे फुटते का?" मोबाइलच्या कॅल्क्युलेटरनं १.१११ असा अर्धवट आकडा दाखवला. शाळेतल्या संगणकावर स्प्रेडशीटमध्ये टाकली तर तिला १० नं आणि ८ नंही भाग जातो असं निघालं. एक या अंकावर संपणाऱ्या संख्येला १० नं भाग जाईलच कसा, म्हणून वर्ग तिथंच अडला. सरांना तिचे मूळ अवयव हवेत, विभाजक किती ते हवं आहे, आणि हे सगळं पोरांसमोर कागदावर कसं करून दाखवायचं तेही हवं आहे.

सर, उत्तर आधी देतो. ही संख्या संयुक्त आहे. तिचे मूळ अवयव दहा: ३, ७, ११, १३, ३७, ७३, १०१, १३७, ९९०१ आणि ९९९९०००१. प्रत्येक अवयव एकदाच येतो. एकूण विभाजक १०२४. दोन-तीन तासिका हाताशी असतील तर यातलं जवळजवळ सगळं खडू-फळ्यावर होतं. वीज नसली, नेट नसलं तरी अडत नाही.

स्प्रेडशीटचं आधी मिटवू, कारण पोरांचा विश्वास तिथं डळमळला आहे. साधी स्प्रेडशीट संख्येचे पहिले १५ अंकच खरे धरते आणि पुढच्या जागी शून्यं भरते. तुम्ही चोवीस एक टाकलेत, तिनं धरले पंधरा एक आणि त्यांवर नऊ शून्यं. त्या दुसऱ्याच संख्येला १० नं भाग जातो, ८ नंही जातो. कॅल्क्युलेटरचंही तेच, तो सुरुवातीचे काही अंक आणि दहाचा घात तेवढा दाखवतो. विभाज्यता ठरते शेवटच्या अंकापर्यंतच्या हिशेबावर, आणि यंत्रानं नेमकं शेपूट कापलेलं असतं. फळ्यावर दोन्ही संख्या एकाखाली एक लिहा, पोरांना लगेच दिसेल. मोठ्या संख्येची पहिली शिस्त हीच, की एकही अंक गाळायचा नाही.

सोयीसाठी या संख्येला पुढे 'चोविशी' म्हणतो. किती मोठी आहे ती? भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास दिलेल्या यादीत एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. चोविशी त्याच्याही सहा घरं पुढे जाते. आता तिला वावरात आणून बघा. एका एकरात ४३५६० चौरस फूट. तीन फूट बाय तीन फूट चौफुली धरली तर एकरी पऱ्हाटीची ४८४० झाडं. समुद्र, डोंगर, वाळवंट सगळं धरून पृथ्वीचा अख्खा पृष्ठभाग असा लावला, तरी चोविशीइतकी झाडं बसवायला अशा सुमारे १८ कोटी पृथ्व्या लागतील.

संयुक्त संख्या म्हणजे काय तेही पोरांना चौफुलीवरूनच पटकन कळतं. सगळी झाडं सारख्या तासांत (म्हणजे ओळींत), प्रत्येक तासात सारखी, एकही न उरता लावता आली (एकाच लांब तासात लावणं सोडून) तर संख्या संयुक्त. नाही जमलं तर मूळ. ४८४० चे अवयव २ × २ × २ × ५ × ११ × ११. दोन किती वेळा घ्यायचा याचे पर्याय चार: एकदाही नाही, एकदा, दोनदा, तीनदा. पाचाचे पर्याय दोन, अकराचे तीन. ४ × २ × ३ = २४ विभाजक. मोजायची रीत एवढीच, ही हातात बसली की चोविशीचे विभाजक मोजायला नवीन काही शिकावं लागत नाही.

आता मुख्य काम. सरळ रीतीनं भाग देत वर्गमूळापर्यंत जायचं म्हटलं तर चोविशीचं वर्गमूळ साधारण ३३३ अब्ज येतं. सेकंदाला एक भागाकार केला, तरी तिथवरच्या प्रत्येक संख्येनं भाग द्यायला साडेदहा हजार वर्षं लागतील. म्हणून आकाराकडे बघायचं नाही, घडणीकडे बघायचं.

चोवीस एकांची ओळ म्हणजे बारा एकांचा तुकडा दोनदा ठेवलेला. डावा तुकडा उजव्यापेक्षा बारा घरं पुढे सरकलेला आहे, म्हणजे तो १० च्या १२ व्या घातानं गुणलेला आहे. म्हणून चोविशी = (बारा एक) × (१० चा १२ वा घात + १). बारा एकांवर हीच युक्ती पुन्हा: बारा एक = (सहा एक) × १०००००१. सहा एक = १११ × १००१. सगळं एकत्र केलं की

चोविशी = १११ × १००१ × १०००००१ × १ ०००० ०००० ०००१

शेवटचा अवयव मुद्दाम चार-चार अंकांच्या गटांत लिहिला आहे, तो तेरा अंकी आहे. फळ्यावरही असाच लिहा, नाहीतर शून्यं मोजण्यात तासिका जाते.

इथं एक चूक हमखास होते. चोवीस म्हणजे ४ × ६, तर चोवीस एक म्हणजे ११११ × ११११११ असं पोरं लिहून मोकळी होतात. ११११ × ११११११ चा गुणाकार करायला लावा: १२३४४४३२१ येतो, नऊच अंक. एकांची संख्या गुणली म्हणून संख्यांचा गुणाकार तसा होत नाही. खरं विधान असं आहे: चार एकांनी चोवीस एकांना भाग जातो, सहा एकांनीही जातो, कारण ४ आणि ६ नं २४ ला भाग जातो. पण दोघांचा गुणाकार भाग जाणारा असेलच असं नाही. ११११ आणि ११११११ या दोघांतही ११ आहे, गुणाकारात तो दोनदा येतो, आणि चोविशीत तो एकदाच आहे.

उरलेल्या तीन अवयवांकडे बघा. १००१ म्हणजे १० चा घन अधिक १. १०००००१ म्हणजे १०० चा घन अधिक १. आणि तेरा अंकी तो म्हणजे १०००० चा घन अधिक १. आठवीतच घनांच्या बेरजेचं सूत्र आहे: क चा घन अधिक १ = (क + १)(क चा वर्ग − क + १). ते लावलं की

१००१ = ११ × ९१
१०००००१ = १०१ × ९९०१
१ ०००० ०००० ०००१ = १०००१ × ९९९९०००१

एकच सूत्र तीनदा लावून एवढं काम होतं. बीजगणित कशाला शिकायचं असं विचारणाऱ्या पोरासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१११ = ३ × ३७ आणि ९१ = ७ × १३ हे सोपं. १०००१ ला थोडी झटापट आहे. त्याचं वर्गमूळ १०० च्या किंचित वर, म्हणजे १०० च्या आतल्या पंचवीस मूळ संख्या तपासाव्या लागतील. पण फर्माच्या छोट्या प्रमेयावरून काम कमी होतं: मूळ संख्येनं १० ला भाग जात नसेल, तर १० च्या (मूळ संख्या − १) व्या घाताला तिनं भागल्यावर बाकी १ येते. एखाद्या मूळ संख्येनं १०००१ ला भाग जात असेल, तर तिच्यासाठी १० च्या ४ थ्या घाताची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी) आणि ८ व्या घाताची बाकी १ येते, त्याआधी कुठेही १ येत नाही. अशी मूळ संख्या ८ च्या पटीपेक्षा एकानं जास्त असावीच लागते. १०० च्या आत अशा पाचच: १७, ४१, ७३, ८९, ९७. १७ नं भाग दिला तर बाकी ५, ४१ नं बाकी ३८, ७३ नं बाकी शून्य. १०००१ = ७३ × १३७. दोन्ही मूळ.

आता राहिले ९९०१ आणि ९९९९०००१. अनेक जण इथं थांबतात आणि 'हे मूळच दिसतात' म्हणून सोडून देतात. तसं करू नका. दिसण्यावरून मूळ ठरत नाही. ९१ सुद्धा मूळच दिसतो.

९९०१ साठी वरचाच विचार. तिच्या कोणत्याही मूळ अवयवासाठी १० च्या ६ व्या घाताची बाकी −१ येते, म्हणून ज्या घाताला पहिल्यांदा बाकी १ येते (त्याला स्थान म्हणू) तो ४ किंवा १२. स्थान ४ असणारी मूळ संख्या एकच, १०१. पण १०१ × ९८ = ९८९८, बाकी ३, म्हणून ती बाद. उरलं १२. म्हणजे अवयव असलाच तर १२ च्या पटीपेक्षा एकानं जास्त, आणि ९९०१ च्या वर्गमूळाच्या, म्हणजे ९९.५ च्या आत. अशा मूळ संख्या पाच. १३ नं बाकी ८, ३७ नं २२, ६१ नं १९, ७३ नं ४६, ९७ नं ७. एकही भाग पूर्ण जात नाही, म्हणून ९९०१ मूळ. पाच भागाकार, पाच पोरं, प्रत्येकाला एक वाटून द्या.

९९९९०००१ साठी स्थान ८ किंवा २४ असू शकतं. स्थान ८ असणाऱ्या फक्त ७३ आणि १३७. ९९९९०००१ ला १०००१ नं भागलं तर बाकी ३ उरते, म्हणून त्या दोन्ही बाद. उरल्या २४ च्या पटीपेक्षा एकानं जास्त अशा, दहा हजारांच्या आतल्या मूळ संख्या. अशा पटी ४१६, त्यांतल्या मूळ साधारण दीडशे. पहिल्या तिघींच्या बाक्या देतो, पोरांनी पडताळून बघाव्यात: ९७ नं ७३, १९३ नं १७५, २४१ नं ६५. पूर्ण यादी एका वर्गानं आठवड्यात वाटून संपवता येते, किंवा संगणकाला द्यावी, तो क्षणात सांगतो. एकीनंही भाग जात नाही. ९९९९०००१ मूळ आहे.

पडताळा घेतल्याशिवाय अवयव वहीत पक्के करू नयेत. दोन पडताळे पुरतात. पहिला नवाचा: चोविशीच्या अंकांची बेरीज २४, ९ नं बाकी ६. दहा अवयवांच्या ९ नं येणाऱ्या बाक्या अनुक्रमे ३, ७, २, ४, १, १, २, २, १, १. त्या गुणत जा आणि दर वेळी नऊ टाकत जा, शेवटी ६ च येते. पण नवाच्या पडताळ्याची खोट लक्षात ठेवा, अंकांची अदलाबदल तो पकडत नाही. ९९०१ च्या जागी ९९१० लिहिलं तरी तो 'बरोबर' म्हणेल. म्हणून दुसरा पडताळा शेवटच्या तीन अंकांचा: अवयव गुणत जायचे आणि प्रत्येक पायरीला शेवटचे तीनच अंक ठेवायचे. शेवटी १११ यायला हवेत. ९९१० लिहिलं असेल तर शेवट शून्यावर होईल आणि चूक उघडी पडेल. ११ चा पडताळा मात्र इथं कुचकामी आहे. अवयवांत ११ स्वतःच असल्यामुळे बाकीचे अवयव कितीही चुकले तरी बाकी शून्यच येणार.

आता गुणधर्म. दहा वेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच, म्हणून विभाजक बनवताना प्रत्येकाबद्दल दोनच पर्याय: घ्या किंवा सोडा. २ चा १० वा घात, १०२४. यात १ आणि चोविशी स्वतः धरलेली आहे. आयत करून लावायच्या रीती ५१२, त्यांतली एक म्हणजे तो एकच लांब तास. शंभरच्या आतले विभाजक पोरांकडून काढून घ्या. ते बाराच आहेत: १, ३, ७, ११, १३, २१, ३३, ३७, ३९, ७३, ७७, ९१. बरेच जण २७ किंवा ४९ घुसवतात. ३ आणि ७ एकेकदाच आहेत, त्यामुळे ते शक्य नाही.

सगळ्या विभाजकांची बेरीज काढायला प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणायचं: ४ × ८ × १२ × १४ × ३८ × ७४ × १०२ × १३८ × ९९०२ × ९९९९०००२. ही बेरीज चोविशीच्या सुमारे १.८९६ पट भरते. स्वतःला वगळलं तर ०.८९६ पट, म्हणजे स्वतःपेक्षा कमी. एवढे विभाजक असूनही चोविशी न्यून संख्या आहे. कारण साधं आहे, ती विषम आहे, आणि बेरीज फुगवणारा २ तिच्यात नाही. चोविशीशी सहमूळ असणाऱ्या, म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसणाऱ्या संख्या शंभरात साधारण ४५ पडतात.

काही गुणधर्म नुसत्या शेवटच्या अंकांवरून कळतात आणि मला ते फार आवडतात. शेवटचे दोन अंक ११, त्यांना ४ नं भागल्यावर बाकी ३. कोणत्याही पूर्ण वर्गाला ४ नं भागलं तर बाकी ० किंवा १ च येते. म्हणून दोन किंवा अधिक एकांची कोणतीही ओळ पूर्ण वर्ग नसते, चोवीस असोत की चोवीस हजार. शेवटचे तीन अंक १११, ८ नं बाकी ७. अशी संख्या तीन वर्गांची बेरीज म्हणूनही लिहिता येत नाही, चार वर्ग लागतातच. चार नेहमी पुरतात हे लाग्रांजनं १७७० मध्ये सिद्ध केलं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या म्हटलं. चोविशी हर्षद नाही, कारण अंकांची बेरीज २४ सम आणि संख्या विषम. तीन एक आणि नऊ एक मात्र हर्षद आहेत.

कोणत्या मूळ संख्येनं भाग जातो याचं उत्तर आवर्ती दशांशात आहे. १ ला ७ नं भागा: ०.१४२८५७, सहा अंकांनी पुन्हा तेच. २, ३ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. तिच्या आवर्ताच्या लांबीनं २४ ला भाग गेला तर तिनं चोविशीला भाग जातो, नाहीतर नाही. १/७ आणि १/१३ चं आवर्त ६, १/११ चं २, १/३७ चं ३, १/१०१ चं ४, १/७३ आणि १/१३७ चं ८, १/९९०१ चं १२, आणि १/९९९९०००१ चं बरोबर २४. १७ चं आवर्त १६ आहे, १६ नं २४ ला भाग जात नाही, म्हणून १७ बाद. १९ चं १८, तेही बाद. भागाकार न करता निकाल मिळतो. ३ चा नियम वेगळा का? कारण ९९९...९ ला नवानं भागूनच एकांची ओळ मिळते, आणि त्या नवात ३ खर्च होतो. ३ साठी अंकांची बेरीजच बघायची.

यातला ७३ तर घराघरात वापरात आहे. ३६५ = ५ × ७३. सोसायटीच्या पीककर्जाचं रोजचं व्याज काढायला ३६५ नं भागतात तेव्हा दशांशात ०२७३९७२६ हे आठ अंक पुन्हा पुन्हा फिरतात (१/३६५ = ०.००२७३९७२६०२७३९७२६...). हे आठ म्हणजे २/७३ चंच आवर्त.

आता चोविशीच्या शेजाऱ्याकडे बघा. तेवीस एकांची संख्या मूळ आहे. होय, मूळ. एकांच्या ओळींत २ आणि १९ नंतरची ती तिसरी मूळ, त्यापुढची थेट ३१७ एकांची आणि मग १०३१ एकांची. म्हणजे तेवीस एकांना स्वतःशिवाय आणि १ शिवाय विभाजकच नाही, आणि एक अंक वाढवला की १०२४. चोविशीतून १ वजा करा: तेवीस एकांवर एक शून्य, म्हणजे २ × ५ × ती मूळ संख्या, विभाजक फक्त आठ. एका धुऱ्याच्या अलीकडे आठ, पलीकडे हजारावर. संख्या किती मोठी यावरून ती किती फुटेल हे कळत नाही, ते असं. ओळीतल्या एकांची संख्या संयुक्त असेल तर ओळ संयुक्तच. पण ती मूळ असली म्हणून ओळ मूळ ठरत नाही: पाच एक = ४१ × २७१, सात एक = २३९ × ४६४९.

एखादी संख्या संयुक्त आहे हे तिचा एकही अवयव न सापडता कळू शकतं, ही गोष्ट पोरांना खरी वाटत नाही. २ चा ६७ वा घात वजा १, ही २१ अंकी संख्या संयुक्त असल्याचं ल्यूकानं १८७६ मध्ये दाखवलं. अवयव मिळाले १९०३ मध्ये, कोल या गणितज्ञाला: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मधली सत्तावीस वर्षं ती संयुक्त होती आणि फुटलेली नव्हती. चोविशीवर हे फळ्यावर करून दाखवता येतं. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की संख्या मूळ असेल तर १० चा (संख्या − १) वा घात त्या संख्येनं भागल्यावर बाकी १ यायलाच हवी. १० चा २४ वा घात म्हणजे चोविशीची नऊ पट अधिक १, म्हणून त्याची बाकी १. आता चोविशी − १ ला २४ नं भागलं तर बाकी १४ (चोविशीला ८ नं बाकी ७ आणि ३ नं शून्य, म्हणून २४ नं १५, त्यातून एक गेला). सगळे चोविसाचे गठ्ठे १ होऊन जातात आणि उरतो १० चा १४ वा घात. तो चोविशीपेक्षा लहान आहे आणि १ नाही. संयुक्त सिद्ध, आणि एकही अवयव हातात नाही.

पण हीच कसोटी १० घेऊन सात एकांवर लावली तर फसगत होते. सात एकांतून १ गेला की ११११११०, त्याला ७ नं पूर्ण भाग जातो, म्हणून बाकी १ येते आणि २३९ × ४६४९ असलेली संख्या 'मूळ असू शकते' म्हणून सुटते. एकांच्या ओळीतले अंक मूळ संख्येइतके असतील (३ सोडून) तर १० हा पाया घेतल्यास कसोटी नेहमीच १ देते. तिथं २ किंवा ३ घ्या. आणि बाकी १ आली तरी मूळ सिद्ध झाली असं लिहू नका. कसोटी फक्त संयुक्तपणाची खात्री देते.

या वाटेचं टोक बघायचं असेल तर २ चा (२ चा २० वा घात) एवढा घात, अधिक १: ही ३१५६५३ अंकी संख्या संयुक्त असल्याचं सिद्ध झालेलं आहे, आणि आजवर तिचा एकही मूळ अवयव कुणाला मिळालेला नाही.

संगणकावर पडताळायचं असेल तर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरा, त्यात पूर्णांक कितीही लांब चालतो. चूक होते ती भागाकारात. (१० चा २४ वा घात − १) ला ९ नं भागताना एकच तिरपी रेघ दिली तर उत्तर दशांशात जातं आणि शेवटचे अंक पुन्हा बिघडतात. दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात. खात्रीसाठी उत्तर छापून एक मोजा, चोवीस भरले पाहिजेत.

पोरांना पुढे काय द्यावं? आधी बारा एक द्या: ३, ७, ११, १३, ३७, १०१, ९९०१, विभाजक १२८. मग अठरा एक द्या, कारण तिथं सवयीनं चालणारा अडखळतो. अर्धे केले की नऊ एक × १००००००००१ येतात, आणि नऊचे पुन्हा अर्धे होत नाहीत, तीन भाग करावे लागतात: १११ × १००१००१. या दोन्हींत ३ आहे. म्हणून अठरा एक = ३ × ३ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७. 'घ्या किंवा सोडा' म्हणून २ चा घात काढणारा २५६ किंवा ५१२ लिहील. तीनाचे पर्याय तीन आहेत, म्हणून ३ × १२८ = ३८४.